वाघाच्या गाडीतला पिवळा दिवा

"परत लागला," वाघ म्हणाला आणि त्याने किल्ली बहिणीच्या हातावर ठेवली.

डॅशबोर्डवर इंजिनचा पिवळा दिवा ऐटीत चमकत होता. ताईने कपाळाला हात लावला. रविवारी शर्यत. ती मारली की वाघाला मोठ्या संघात जागा मिळणार होती, आणि नेमकी आत्ताच ही बया पुन्हापुन्हा रुसून बसत होती.

गाडी साधी नव्हतीच. भावंडांनी मिळून तिला मोठा टर्बो बसवला होता, हवेचे पाइप बदलले होते, इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरचं प्रोग्रामिंगही नव्याने करून घेतलं होतं. चालायची झकास. पण हा दिवा लागला की कॉम्प्युटर घाबरून इंजिनची ताकद तोडायचा, आणि मग शर्यतीची गाडी भाजी आणायला निघाल्यासारखी चालायची.

वाघ हा ताईचा धाकटा भाऊ. नाव बाबांनी ठेवलेलं. गेल्या वर्षी एका वळणावर त्याची गाडी कोलांट्या खाऊन उलटी पडली, तेव्हा हा पठ्ठ्या खिडकीतून बाहेर आला आणि हसत म्हणाला, "आरसा तेवढा नवा लागेल." तेव्हापासून बाबांनी त्याला दुसऱ्या नावाने हाक मारली नव्हती. गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे ते गॅरेजच्या वरच्या खोलीत अडकून पडले होते, पण आवाजाला काही झालेलं नव्हतं.

"झाली का माझ्या वाघाची गाडी?" वरून आलंच.

"होतेय, बाबा!"

"नाही झाली तर नाही झाली," वाघ हळूच म्हणाला. "तू जिवाला लावून घेऊ नकोस, ताई."

ताईला भरून आलं. याच्या आयुष्याचा प्रश्न, आणि हा आपलीच समजूत काढतोय! एक दिवा विझवता येत नाही याची तिला लाजच वाटली.

ती गाडीत बसली. घड्याळ भलतीच वेळ दाखवत होतं. मागच्या खेपेला लावायचं राहिलं असणार, म्हणत तिने स्कॅनर जोडला. उत्तर तेच आलं. हवा मोजणाऱ्या सेन्सरकडून काही निरोपच येत नव्हता.

बॉनेट उघडून तिने आधी बॅटरीची तार काढली. हा बाबांचा नियम. इंजिनातल्या कुठल्याही प्लगला हात लावायचा तर आधी बॅटरीची तार सोडवायची. लहानपणी विसरलं की हातावर पान्ह्याची टपली बसायची, त्यामुळे दोघा भावंडांना ते दात घासण्याइतकं अंगवळणी पडलं होतं. त्यापायी गाडीतलं घड्याळ दर वेळी बारावर जायचं आणि परत लावत बसावं लागायचं, ते वेगळंच.

सेन्सरचा प्लग अर्धा बाहेर आला होता. पहिल्यांदा असं झालं तेव्हा तिने इंजिनच्या कंपनांना दोष दिला होता. मग प्लास्टिकची पट्टी आवळून प्लग पक्का बांधला होता. आता ती पट्टी खाली पडली होती. तुटलेली नव्हे, कापलेली. अगदी सरळ.

"आता कंपनांना कात्री कुठून मिळाली?" ताई स्वतःशीच म्हणाली.

गाडी रात्री वाघाच्या घराशेजारच्या शेडमध्ये असायची आणि किल्ली स्वयंपाकघरातल्या खिळ्यावर. त्या घरात माणसं दोनच, वाघ आणि त्याची बायको. आणि भावजय तर अपघातानंतर त्या गाडीत एकदाही बसली नव्हती. "भंगारात गेली तरी मी पेढे वाटीन," असं तिने ताईला तोंडावर सांगितलं होतं.

ताई कामाला लागली. प्लग बसवला, नवी पट्टी आवळली, घड्याळही या वेळी मनगटावरच्या घड्याळाशी मिळवून लावलं आणि गाडी देऊन टाकली.

सकाळी वाघ गाडी घेऊन हजर. दिवा लागलेला. ताईने बॉनेट उघडून पाहिलं, पट्टी कापलेली. तिने फोन करून भावजयीला बोलावून घेतलं.

"खरं सांग," तिने थेट विचारलं. "तूच ना?"

वाघ पाठमोरा उभा राहून गाडीची काच पुसत होता. भावजयीने एकदा त्याच्या पाठीकडे पाहिलं.

"हो, मीच," ती म्हणाली. "चिडा माझ्यावर हवं तर."

"अगं, मग बोलायचंस की! मी इथे डोकं फोडून घेतेय."

"बोलून काय होणार होतं, ताई? या घरात वाघाने घरी बसावं असं म्हणायची कुणाची टाप आहे?"

ताईला राग यायला हवा होता, पण तिला हायसंच वाटलं. गाडीत दोष नव्हता. रविवार हातचा गेला नव्हता. भावजयीची समजूत काय, घालता येईल.

ती गाडीत बसली आणि सवयीने घड्याळाकडे हात गेला. तिथेच थांबला. घड्याळ चुकलेलं होतं, आणि आज तर तिने अजून बॅटरीला हातही लावला नव्हता.

"काढलास कसा गं प्लग?" तिने सहज विचारल्यासारखं विचारलं.

"कसा म्हणजे? कात्रीने पट्टी कापली आणि ओढला."

"आणि बॅटरीची तार?"

"कसली तार?" भावजय गोंधळली. "बॅटरी कुठे असते त्यात?"

ताईने मान वर केली. काचेवरचा फडका थांबला होता.

"काय गं, झाली का माझ्या वाघाची गाडी?" वरून आवाज आला.

"ताई," वाघ पुटपुटला, "बाबांना सांगू नकोस."