काट्यावरचे चोपन्न किलो

काटा शेवटी पास झाला. पण तो अजून झालेलाच नाही, असं धरून चालू.

दवाखान्याचा वजनकाटा रिकामा असतानाही चोपन्न किलो दाखवत होता. वजनमापे तपासायला आलेल्या तपासनीस बाईंनी वीस वर्षांत स्वतः पडताळल्याशिवाय एकही सही केली नव्हती. त्यांनी पंखा बंद केला, काटा दुसऱ्या खोलीत नेला. तिथे शून्य आलं. मिनिटभराने पुन्हा चोपन्न.

"भूत असेल, बाई," दवाखान्याचा कारकून म्हणाला.

"भुताला वजन असतं होय? उगाच पुड्या सोडू नका."

त्यांनी वर दहा किलोचं वजन ठेवलं. चौसष्ट. उचललं, चोपन्न. म्हणजे काटा चोखच होता.

आता बाईंना राहवेना. काट्यावर उभा माणूस खाली बसला की आकडा क्षणभर हेलकावतो, हे त्यांना पाठ होतं. रिकाम्या काट्याकडे बघत त्या म्हणाल्या, "जरा उकिडवं बसा बघू."

आकडा एकोणपन्नासवर घसरला, साठवर उसळला आणि चोपन्नवर येऊन थांबला.

कारकुनाने खुर्ची भिंतीपर्यंत मागे सरकवली. बाईंनी पेनाचं टोपण काढलं आणि शेरा लिहिला: ‘काटा अचूक आहे. शून्य पुन्हा तपासणे बाकी असल्याने काट्यावरील व्यक्तीने कार्यालयीन वेळेत खाली उतरावे, ही विनंती.’