चार नंबरची माती

“चार नंबर. नाव काढणे.”

मावशीने चिठ्ठी दोनदा वाचली आणि खटकन मशीन बंद केलं.

“काय झालं?” इस्त्रीपाशी उभ्या असलेल्या सुनेने विचारलं.

“काढला! चार नंबरला काढला मेल्याने!”

“हळू हो आई. आत्ताच झोपलीये.” सुनेने टॉवेलच्या ढिगावर झोपवलेल्या तान्ह्या लेकीकडे बोट दाखवलं. त्यामुळे पुढचा सगळा संताप मावशीला कुजबुजत करावा लागला, आणि कुजबुजल्याने तो आणखीच चढत गेला.

या फुटबॉल क्लबचे कपडे ती एकोणीस वर्षं धूत होती. प्रत्येक जर्सीच्या कॉलरमध्ये आतून ती लाल दोऱ्याने खेळाडूचं नाव घालायची. कुणाला क्लबमधून काढलं की ऑफिसातून चिठ्ठी यायची आणि ते नाव तिलाच उसवावं लागायचं. घरच्या मैदानावरची एकही मॅच तिने चुकवली नव्हती. धुलाईखान्याच्या खिडकीतून अर्धंच मैदान दिसायचं. उरलेला अर्धा खेळ ती दुसऱ्या दिवशी मळक्या जर्स्यांवरून वाचायची.

“हा नवा मॅनेजर आल्यापासून बघतेय मी,” ती कुजबुजली. “कप्तानाला बाकावर बसवलं. चांगला चाललेला गोलकीपर बदलला. आणि तो नऊ नंबर, वाजतगाजत आणलेला! ही बघ त्याची जर्सी. वास घे.”

“मी नाही घेत.”

“घे गं. घामाचा येतोय का? अत्तराचा येतोय! मैदानात नव्हता आला तो, बागेत फिरायला आला होता. आणि हा बघ माझा चार नंबर.”

तिने वेगळ्या बादलीतून दुसरी जर्सी उचलली. पोटापासून खांद्यापर्यंत चिखल. बाहीवर गवताचे हिरवे पट्टे.

“सहा वेळा आडवा पडलाय. डाग मोजलेत मी. पस्तिशीला आलाय बिचारा. बायकोला आठवा लागलाय, थोरली अजून शाळेतसुद्धा जात नाही. आता या वयात कोण घेणार त्याला?”

“मग तुम्ही काय करणार?”

“नाव नाही काढणार.”

“मग मला काढायला सांगतील,” सून म्हणाली. तिने ते सहज म्हटलं होतं, पण मावशीला झोंबलं. तिने दोन्ही जर्स्या उचलल्या आणि ती तरातरा जिना चढून गेली.

मॅनेजरच्या टेबलावर कागदांचा पसारा होता. भिंतीवरच्या टीव्हीत शनिवारची मॅच मधेच थांबवून ठेवलेली होती. मावशीने दोन्ही जर्स्या त्या कागदांवरच टाकल्या. वाळलेल्या मातीची दोन-चार ढेकळं घरंगळत त्याच्या चहाच्या कपापर्यंत गेली.

“साहेब, राग मानू नका, पण तुम्हाला खेळ कळत नाही.”

मॅनेजरने पेनाला टोपण लावलं. “बसा मावशी.”

“बसायला नाही आले. ही नऊची आणि ही चारची. तुम्ही टीव्हीवर तीन-तीनदा मॅच बघता. मी नुसते कपडे बघते, पण कोण राबतं ते मला बादलीतल्या पाण्यावरून कळतं. राबतो त्याला घरी बसवायचं आणि मिरवतो त्याला डोक्यावर घ्यायचं, ही कुठली रीत?”

“नऊचं तुमचं बरोबर आहे,” मॅनेजर म्हणाला. “आळशीच आहे तो. त्याचीही चिठ्ठी येईल.”

याची तयारी मावशीने केली नव्हती. तिचा राग क्षणभर अडखळला आणि मग पुन्हा सावरला.

“मग चारचं काय चुकलं?”

त्याने चार नंबरची जर्सी पुढे ओढली. चिखलावर बोट टेकवलं. “हा डाग कशाने पडला?”

“घसरत जाऊन बॉल काढला, त्याने. तेवढंही मीच सांगायचं?”

“बचाव करणारा घसरत कधी जातो?”

“बॉल हातचा जायला लागला की.”

“म्हणजे पोचायला उशीर झाला की.” त्याच्या आवाजात जिंकल्याचा सूर नव्हता. “वेळेत पोचला तर उभ्याउभ्या काढून घेतो. मावशी, गुडघा गेलाय त्याचा. डॉक्टर म्हणतात, आणखी एक वर्ष असा खेळला तर जिना चढता येणार नाही. लोक चिखल बघून टाळ्या वाजवतात. मग तो आणखी जोरात अंग टाकतो. मी किती दिवस बघत बसू?”

“काहीतरीच,” मावशी म्हणाली. “तुम्हाला येऊन तीन महिने झालेत. मी त्याला अकरा वर्षं धुतेय.”

“म्हणून तर तुम्हालाच विचारतो.” मॅनेजर खुर्चीतून पुढे झुकला. “तो ऐन भरात होता, समोरच्याला बॉल शिवू देत नव्हता, तेव्हा त्याची जर्सी कशी यायची तुमच्याकडे?”

मावशीने तोंड उघडलं. उत्तर ठरलेलं होतं, रागही अजून उतरला नव्हता. पण तिची नजर त्या चिखलावर गेली आणि तिने जर्सी आपल्याकडे ओढून घेतली.

“घडीसुद्धा मोडलेली वाटायची नाही,” ती म्हणाली.