छपराला टेकलेल्या फांद्या

"सतरा नंबर, गेलं. एकोणीस नंबर, शाबूत."

शाळेच्या जिममध्ये खाटांच्या रांगांसमोर उभा राहून जिल्ह्याचा माणूस वणव्यात गेलेलं-वाचलेलं एकेक घर सांगत होता. सतरा नंबर निक हॅडिकिनचं. एकोणीस त्याच्या शेजारचं, वॉल्टर चेर्नोफचं. निकची बायको टीना मटकन खाली बसली. म्हाताऱ्या वॉल्टरला काहीच वाटलं नाही. नंबरांची अदलाबदल झाली असणार, एवढंच त्याच्या मनात आलं.

कारण जळायला हवं होतं ते त्याचं. त्या डोंगराखाली सगळेच दर वसंतात घराजवळच्या फांद्या कापतात. वणवा आला की आधी फांद्या पेटतात, मग छप्पर. बायको फ्लोरेन्स होती तोवर ती शिडी धरायची आणि वॉल्टर वर चढून करवत चालवायचा. ती गेली आणि त्याने शिडी बाहेर काढलीच नाही. फरच्या झाडांच्या फांद्या वाढत वाढत छपराला टेकल्या. पन्हळी वाळक्या पानांनी भरल्या. निकच्याही यंदा कापायच्या होत्या, पण त्या छपरापासून अजून लांब होत्या.

"वॉल्टरकाका, आता अस्वल येऊन झोपेल तुमच्या छपरावर," निक कुंपणापलीकडून म्हणायचा. "येऊ का करवत घेऊन?"

"झोपू दे त्याला. भाडं घेईन," वॉल्टर म्हणायचा आणि आत जायचा.

घरं सोडायचा हुकूम आला तेव्हा तो अंगावरच्या कोटानिशी पहिल्या बसमध्ये जाऊन बसला. दाराला कुलूपही लावलं नाही. जळालं तर जळू दे. वाईट वाटून नव्हे. त्या घरात रोज सकाळी उठायचा त्याला कंटाळा आला होता.

गावातली मेबल बोर्शचं, बिटाच्या गरम सुपाचं, पातेलं घेऊन खाटांमधून फिरत होती. "घे रे वॉल्टर. घर वाचलं तुझं, आणि तोंड बघ! जळालं असतं तर नाचला असतास का?"

त्याने वाडगा घेतला. हाताला गरम लागला. चव लागली नाही.

पलीकडच्या खाटेवर टीना नवऱ्याला बोलत होती. "मला पुढे धाडलंस. गाडी भरून येतो म्हणालास. आणि आणलंस काय? नुसती गाडी! माझ्या आईची रजई तरी टाकायचीस. एवढा वेळ करत काय होतास?"

निक तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिला.

रस्ता उघडल्यावर निकने वॉल्टरला आपल्याच गाडीतून नेलं. सतरा नंबरच्या जागी विटांचं धुराडं तेवढं उभं होतं. एकोणीस नंबर राखेने करडं झालं होतं, पण होतं तसं होतं. दारसुद्धा त्याने सोडलं होतं तसंच, अर्धवट उघडं.

वॉल्टर उतरला आणि घराला वळसा घालून मागे गेला. फरचे बुंधे खालून काळे पडले होते. वर छपराजवळ एकही फांदी नव्हती. सगळ्या खोडालगत कापलेल्या, कुठे खुंट न ठेवता. पन्हळी साफ होत्या. तोडलेल्या फांद्या कोणीतरी ओढत रस्त्यापलीकडे नेऊन टाकल्या होत्या आणि त्या तिथेच जळून गेल्या होत्या.

तो बराच वेळ वर बघत राहिला. मग त्याने मागे वळून पाहिलं. निक कुंपणाशी उभा होता. कुंपण आता नव्हतंच.

"हे तू केलंस?"

निकने आपल्या धुराड्याकडे पाहिलं.

"तुमच्या तर छपरावरच आल्या होत्या, काका. म्हणून आधी तुमच्या घेतल्या. तेवढ्यात पोलीस आले, लगेच निघायला लावलं. आमच्या राहिल्या."