शनिवारचा फोटो

"दर गुरुवारी दुपारी माझ्याकडे यायचे. आठ महिने. एकदाही वेळ चुकवली नाही," छातीचे डॉक्टर म्हणाले, आणि दुसऱ्या रांगेत बसलेल्या धाकटीच्या हातातला भाषणाचा कागद मांडीवर पडला.

शोकसभा दवाखान्यातच होती. औषधांच्या जाहिराती उतरवून भिंतीवर मोठ्या डॉक्टरांची तसबीर लावली होती. बाकांवर पेशंट दाटीवाटीने बसले होते आणि सवयीने खोकतही होते. पुढचं भाषण धाकटीचं होतं.

"फुफ्फुसात गाठ. पसरलेली," छातीचे डॉक्टर पुढे सांगत होते. "तशातही हा माणूस रोज चाळीस पेशंट तपासत होता."

धाकटीने मोठ्या डॉक्टरांच्या पत्नीकडे, काकूंकडे पाहिलं. हृदयविकाराने गेले, असं काकूंनीच तिला सांगितलं होतं, आणि तिने ते शंभर जणांना सांगितलं होतं. काकू चष्मा पुसत होत्या. चष्मा स्वच्छच होता.

चौदा वर्षं ती त्यांच्या हाताखाली डॉक्टर होती. "मला दोन मुली, आणि ही तिसरी, धाकटी," अशीच ते तिची ओळख करून देत. पेशंटही तिला धाकट्या बाई म्हणू लागले होते. गुरुवारी ते दुपारीच निघायचे. नातीला पोहायला न्यायचं असतं म्हणायचे. वजन उतरलं तर म्हणायचे, नात पळवते. तिने सगळं खरं मानलं. आणि गेले कुणाकडे, तर रस्त्यापलीकडच्या या गृहस्थांकडे, ज्यांची ते चौदा वर्षं टर उडवत आले होते. "समोरचा ना? भिंतीला ओल आली तरी तिचा स्कॅन काढून आणा म्हणेल."

तिला पुकारलं. ती उठली. "ते माझे गुरू होते, त्यांनी माझ्यापासून काही लपवलं नाही, असं मी लिहून आणलंय," ती म्हणाली. "ते आता वाचवत नाही." आणि ती सरळ आतल्या खोलीत निघून गेली.

खोलीत त्यांची खुर्ची होती, भिंतीवर एक्स-रे बघायची काचेची दिव्याची पेटी होती. शनिवारी पेशंट संपले की ते या पेटीवर एक फोटो लावत. कोपऱ्यातल्या नावावर चिकटपट्टी लावलेली असे. "नाव नको. नाव कळलं की डोळे फितूर होतात," म्हणायचे. तिने नुसता फोटो बघायचा आणि उत्तर त्या पट्टीवरच लिहायचं. बरोबर आलं तर चहा. चुकलं तर उत्तराभोवती लाल गोल, आणि पुढच्या शनिवारी तोच फोटो पुन्हा पेटीवर. सुरुवातीची दोन वर्षं तिने फार थोडा चहा प्यायला. पण आठ महिन्यांपूर्वी एका शनिवारी त्यांनी पेटी लावलीच नाही. "झालं तुझं शिकून," म्हणाले. त्या दिवशी तिने आईला फोन करून सांगितलं होतं, आई, पास झाले.

तेव्हाच ते समोरच्याकडे जायला लागले होते तर. शिकवलं सगळं, आणि स्वतःवर वेळ आली तेव्हा विश्वास नाही. तिला रडू आलं नाही, संताप आला. दवाखाना तिने चालवावा असं ठरलं होतं. तिने पर्समधून दवाखान्याची किल्ली काढली आणि टेबलावर ठेवली.

दार वाजलं. छातीचे डॉक्टर एक मोठं पाकीट घेऊन आत आले.

"त्यांची फाईल. काकू म्हणाल्या, घरात बघवणार नाही, तिलाच द्या." ते घुटमळले. "मी आहे तोवर धाकटीला कळता कामा नये, असं त्यांनी बजावलं होतं. तोवर पाळलं मी."

"तुमच्यावर एवढा विश्वास होता त्यांचा?"

"माझ्यावर? छे. माझ्याकडे आले तेच उशिरा. मी रागावलोसुद्धा. पहिला फोटो तेव्हाच तीन महिने जुना होता. मी म्हटलं, एवढे दिवस काय करत होतात? तर म्हणाले, माझ्या सगळ्यात विश्वासाच्या माणसाला दाखवला होता. काही नाही म्हणाला."

म्हणजे आणखी कुणीतरी होतं. तिच्याहून विश्वासाचं.

"कोण होता तो गाढव?"

"विचारलं मी. म्हणाले, नाव नको."

ते गेले. धाकटीने पाकिटातले फोटो टेबलावर ओतले आणि तारखा बघत सगळ्यात जुना शोधला. पेटीचा दिवा लावून तो काचेवर चढवला. गळ्याखालच्या हाडाच्या आड हरभऱ्याएवढा डाग होता. हाडाची सावली बाजूला सारून बघायला त्यांनीच तिला शिकवलं होतं. शिकल्या डोळ्यांतून सुटायला नको होता. त्या गाढवाला चांगलं फैलावर घेतलं असतं तिने.

मग तिची नजर कोपऱ्यात गेली. नावावर अजून चिकटपट्टी होती.

पट्टीवर तिच्याच अक्षरात लिहिलं होतं, 'काही नाही. घरी पाठवा.' त्याभोवती लाल गोल नव्हता.