चिमणपाय

परभणीच्या द्वारकाबाईंनी शिवलेल्या गोधडीचा फोटो सुनेनं मोबाइलवर टाकला आणि विचारलं, "आत्याबाई, हॅशटॅग काय देऊ?"

"ते काय असतंय?"

"या जाळीसारख्या खुणेला जोडून जो शब्द लिहू, तोच लिहिणाऱ्या सगळ्यांचे फोटो एका जागी दिसतात."

द्वारकाबाईंनी गोधडीवरच्या टाक्यावरून बोट फिरवलं. "मग चिमणपाय लिही."

चिमणीच्या पावलासारखा हा टाका लहानपणी त्यांनी आणि मैत्रीण गयानं मिळून काढला होता. नावही दोघींनीच ठेवलं होतं. पुढं लग्न होऊन गया सुरतेला गेली, तिच्या माहेरच्यांनीही गाव सोडलं. चाळीस वर्षं तिची काही खबर नव्हती.

त्या शब्दाखाली फक्त द्वारकाबाईंच्याच गोधड्या दिसायच्या. सून म्हणायची, "हा शब्द कुणीच शोधत नाही, गिऱ्हाईक कसं येणार?"

"नाही आलं तर नाही. तोच लिही."

सातव्या गोधडीनंतर एका दुपारी सून धावतच आली. त्या शब्दाखाली बाळाचं एक दुपटं दिसत होतं, काठानं चिमणपाय घातलेलं. सुरतेच्या एका मुलीनं लिहिलं होतं, 'माझ्या आजीचा टाका.' सुनेनं तिला निरोप धाडला आणि तासाभरात व्हिडिओ कॉल आला.

पडद्यावर पांढऱ्या केसांची एक बाई डोळे बारीक करून बघत होती. "द्वारके, तुझा टाका अजून लांबच पडतोय गं!"

"आधी चष्मा लाव, मग बोल," म्हणत द्वारकाबाईंनी पदरानं डोळे पुसले आणि फोन घेऊन त्या थेट ओसरीवर जाऊन बसल्या.