बिननावाचं पुस्तक

निवृत्त ड्रायव्हरसाहेबांनी चार महिने एका बोटाने आठवणींचं पुस्तक टाइप केलं, पण एकदाही सेव्ह केलं नाही. सेव्ह करताना कॉम्प्युटर नाव मागायचा, आणि नाव ठरतच नव्हतं. म्हणून रोज नुसती स्क्रीन बंद करायचे. आज कॉम्प्युटर ठप्प झाला. बंद करून पुन्हा सुरू करणं भाग होतं. घाटात ब्रेक गेलेली बस सुखरूप उतरवणारा पठ्ठ्या, पण बटणापाशी बोट अडलं. मागे बायको उभी होती, तीस वर्षं त्यांच्याच बसची कंडक्टर. तिने चमच्याने पेल्यावर बस सोडायची घंटा वाजवली. टिंग टिंग! बोटाने आपोआप बटण दाबलं. स्क्रीन काळी झाली. दोघं स्क्रीनकडे वाकले. मग अक्षरं उमटली: सेव्ह न केलेली फाइल सापडली. "सगळं आहे हो!" बायको ओरडली. "आता नाव द्या!" त्यांनी लिहिलं: 'डबल बेल'.