पक्की शाई

स्वतःच्या हर्नियाचं ऑपरेशन करून घेऊन डॉक्टर घरी आले, तेव्हा त्यांच्या गाण्याच्या तबकड्या मागच्या व्हरांड्यात दोरीवर वाळत होत्या.

मधल्या भोकांतून दोरी ओवलेली होती. एकमेकींना घासू नयेत म्हणून दर दोन तबकड्यांमध्ये कपड्यांचा चिमटा लावला होता. काम सुबक होतं, त्यात वादच नाही. फक्त एकाही तबकडीवर लेबल उरलं नव्हतं. सगळी लेबलं टबाच्या तळाशी लगदा होऊन बसली होती.

हा पराक्रम जावयाचा. जावयाची लॉन्ड्री होती. आपल्यासारख्या दंतवैद्याच्या एकुलत्या एका मुलीने लॉन्ड्रीवाला पसंत केला, तेव्हापासून डॉक्टर त्याच्याशी थेट बोलत नसत. तो समोर बसलेला असला तरी मुलीला म्हणत, "त्यांना विचार, चहा घेणार का?" जावई मुलीला सांगे, "घेईन म्हणावं." या दळणवळणात चहा गार होऊन जाई. सासऱ्यांनी आपल्याशी सरळ बोलावं, वाटलं तर चार शिव्याही घालाव्यात, एवढीच त्याची इच्छा होती. म्हणून ते दवाखान्यात असताना, ज्यांना ते जिवापाड जपत त्या तबकड्या लख्ख करून ठेवायचं त्याने ठरवलं. धुणं हे एक काम त्याला कुणाहीपेक्षा चांगलं येत होतं. कोमट पाणी, थोडा साबण, आणि रात्रभर भिजत.

डॉक्टरांनी दोरी या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिली. जावई हातात उरलेले चिमटे घेऊन उभा होता.

"त्यांना विचार," डॉक्टर मुलीला म्हणाले, "साबण कुठला वापरला."

"लोकरीच्या कपड्यांचा म्हणावं," जावई म्हणाला. "त्याने रंग जात नाही."

डॉक्टरांनी डोळे मिटून घेतले.

कव्हरं कपाटात सुखरूप होती, ओळीने, आणि रिकामी. कुठल्या कव्हरात कुठली तबकडी, हे ऐकल्याशिवाय कळणार नव्हतं. डॉक्टरांना वाकायला आणि ओझं उचलायला बंदी होती. तेव्हा सासूबाईंनीच निकाल दिला, "ज्याने भिजवल्या, त्याने वाजवाव्या." त्या दिवसापासून जावई दुकानाचं शटर ओढून रोज संध्याकाळी सासुरवाडीला येऊ लागला. पहिली संध्याकाळ तर प्लेअर दुरुस्त करण्यातच गेली. आतला रबरी पट्टा सुकून त्याचे तुकडे झाले होते. शेवटचा कधी लावला होता, असं मेकॅनिकने विचारलं. सासूबाईंनी डॉक्टरांकडे पाहिलं.

पहिल्या तबकडीतून एका बाईचा संथ, जाड आवाज आला. डॉक्टर बराच वेळ ऐकत राहिले.

"ही आपली नाही," ते म्हणाले.

सासूबाई हात पुसत बाहेर आल्या. "आपलीच आहे. आणलीत, पुसलीत आणि कपाटात ठेवलीत. एकदा लावू का म्हटलं, तर म्हणालात रेघ पडेल."

बाई गातच होती. तबकडी संपली, सुई नुसतीच खरखरू लागली. मुलगी आत गेलेली होती, त्यामुळे डॉक्टरांची अडचण झाली.

"पुन्हा लावायला सांग," ते तिच्या रिकाम्या खुर्चीला म्हणाले.

खुर्चीची वाट न बघता जावयाने सुई उचलून सुरुवातीला ठेवली.

मग ते रोजचंच झालं. डॉक्टर डोळे मिटून ऐकत आणि नाव सांगत. कधी सासूबाई ते खोडून काढत, मग दोघांची जुंपे, आणि भांडण मिटवायला तीच तबकडी परत लावावी लागे. एक तबकडी तर दोघांनी न भांडता ऐकली. सासूबाईंनी स्वयंपाकघरातला दिवा घालवला आणि प्लेअरजवळ येऊन बसल्या. नाव ठरलं की जावई ते लॉन्ड्रीतल्या कापडी चिठ्ठीवर लिहून तबकडीच्या मध्यावर चिकटवी. थंडी गेली, उन्हाळा आला. डॉक्टरांना वाकायला कधीच परवानगी मिळाली होती, पण तो विषय कुणी काढला नाही.

एके दिवशी शेवटची चिठ्ठी चिकटली. जावयाने पेनाला टोपण लावलं.

"त्यांना सांग," डॉक्टर खुर्चीला म्हणाले, "उद्यापासून यायचे कष्ट नकोत."

जावई घरी गेला. त्याला फार वाईट वाटलं. काम चोख झाल्याचं वाईट वाटण्याची ही त्याची पहिलीच वेळ.

आठवडाभराने डॉक्टर लॉन्ड्रीची पायरी चढले. आजवर त्यांनी ती कधी चढली नव्हती. आधीच्या गिऱ्हाइकाच्या पँटी मोजून होईपर्यंत ते रांगेत उभे राहिले. मग पिशवीतून एक तबकडी काढून त्यांनी काउंटरवर ठेवली. दुकानात मुलगी नव्हती. रिकामी खुर्चीही नव्हती.

"हिच्यावर डाग आहे," डॉक्टर म्हणाले.

जावयाने तबकडी दोन्ही बाजूंनी उजेडात धरली. "कुठे, बाबा?"

"असेल कुठेतरी. मला वाटतं, सगळ्याच परत एकदा भिजत घालाव्यात."

जावयाला ते हवंच होतं. पण धंद्यात त्याने कधी कुणाला खोटं सांगितलं नव्हतं.

"घालतो," तो म्हणाला. "पण या वेळी नावं जाणार नाहीत. आमची शाई पक्की असते. कितीही धुवा."

डॉक्टरांचा चेहरा पडला. त्यांनी तबकडी पिशवीत घातली, दारापर्यंत गेले आणि परत आले.

"जावईबापू," ते म्हणाले, "कच्ची शाई कुठे मिळते का हो?"